कालघंटेश्वरीचे अकरा टोले

शीळफाट्यावर रिक्षात बसून नुसतं "देवी" म्हटलं, की रिक्षावाला पुढचं काही विचारत नसे. कल्याणच्या दिशेने जाताना टॉवरांच्या मधे गणूशेठचा बंगला अजून तग धरून होता आणि दर रविवारी दुपारी त्याच्या अंगणात मांडव फुलत होता. दाराशी चपलांचा डोंगर, मग मोबाईल जमा करायचं टेबल, आणि त्या टेबलाच्या अलीकडे, न चुकता, दक्षिणेचा क्यूआर कोड. मोबाईल हातात आहे तोवरच माणसाची भक्ती उरकून घ्यावी, अशी महेंद्रनाथांची शिस्त होती. मनगटावरची घड्याळंही तिथेच काढून ठेवायची. "कालघंटेश्वरीपुढे दुसरा काळ चालत नाही," असं फ्लेक्सवरच छापलं होतं.

आत पाटावर देवी. काळ्याभोर संगमरवराची जड बैठक, तिच्यावर सोनेरी झळाळीच्या ब्राँझची एक बसलेली बाई. एका हातात विळा, दुसऱ्या काखेत धान्याच्या लोंब्यांची पेंढी, अंगावर सैल चुण्यांचं वस्त्र. दोन्ही अंगांना त्याच काळ्या दगडाचे, सोनेरी कड्यांचे दोन कलश. बैठकीच्या मधोमध जे वाटोळं पोट होतं, त्यावर लाल खण घट्ट बांधलेला, आणि खणाआडून टिक टिक, टिक टिक.

"ऐका! आईचं काळीज ऐका!" महेंद्रनाथ डोळे मिटून गर्जत. भगवी कफनी, कपाळभर भस्म, गळ्यात पितळी किल्लीचं लॉकेट. ती म्हणे मोक्षाची किल्ली. "ही फ्रान्सची माय! साता समुद्रापलीकडे हिला कुणी कुंकू लावीना, म्हणून रुसून मुकी झाली. आपल्या मातीत आली आणि बोलती झाली! कोण म्हणतं घड्याळ? अरे, घड्याळाला काटे असतात. आईचे काटे मी माझ्या या हातांनी काढून खाडीला अर्पण केले. आता ती वेळ सांगत नाही, सत्य सांगते!"

"काटे नाहीत तर तिला कळतं कसं, कधी वाजवायचं ते?" मागून एकाने हळूच विचारलं.

"गप बसा हो," त्याच्या बायकोने कोपर मारलं. "तिला काय तुमच्यासारखी ऑफिसची गाडी पकडायचीय?"

मग भजन सुरू होई, आणि भजन चालू असताना महेंद्रनाथ कधीतरी विडा द्यायला म्हणून खणाची कड उचलून आत डोकावत, बाहेर येत आणि एखाद्याला बोटाने पुढे बोलावत. तो पाटापुढे हात जोडून आपला प्रश्न मोठ्याने विचारी. टाळ थांबत. मांडव श्वास रोखून बसे. आणि आतून घंटा वाजे. एक टोला पडला तर होकार. एकाहून जास्त पडले तर नकार, आणि जितके टोले जास्त तितका देवीचा कोप मोठा. दुपार सरता सरता एक घटका अशीही येई, की देवी ओळीने तीनदा एकेकच टोला देई. तिला महेंद्रनाथ प्रसादाची घटका म्हणत. त्या घटकेला पुढे जायचा मान बिल्डर लोकांचा आणि ज्यांच्या गाड्या बंगल्याच्या आत लागत त्यांचा.

या सगळ्यात पहिल्या रांगेत, कडेला, एक बाई हातातल्या गोमुखीत माळ ओढत बसलेली असे. डोंबिवलीच्या सुमतीवहिनी.

सुमतीवहिनींना ओळखत नाही असा माणूस त्यांच्या आळीत नव्हता. यजमान गेल्यापासून एकट्या राहात. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळं निगुतीने. रोज पहाटे अंघोळ, पूजा, मग रामनामाच्या माळा, त्याशिवाय चहासुद्धा नाही. आवाज असा मृदू, की भाजीवालाही त्यांच्याशी घासाघीस करायला लाजे. त्यांनी कुणाला कधी फसवलं नव्हतं, कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. म्हणूनच "सुमतीवहिनी जातात" एवढं कळल्यावर अर्धी आळी देवीला जाऊ लागली होती. हे त्यांच्याही कानावर आलं होतं. खोटं कशाला बोला, तेव्हा त्यांना ते आवडलंही होतं.

देवीचा प्रकार सुरू झाला तो मात्र अगदी साध्या मनातून. गणूशेठ म्हणजे तिथलाच भूमिपुत्र. आजा मिठागरावर राबलेला, बापाने भातशेती केलेली, आणि आता शेतावर टॉवर. नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये काहीतरी भारी हवं म्हणून त्याने कल्याणच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून तो सेट आणला होता, मधे घड्याळ आणि बाजूला दोन कलश. तो व्यापारी म्हणजेच महेंद्र. तेव्हा नाथ व्हायचा होता. विकताना त्याने घड्याळाला चावी देऊन वाजवून दाखवलं. बंगल्यावर येऊन टेबलावर बसवलं आणि ते बंद पडलं. गणूशेठला काही फरक पडला नाही. शोपीस तर शोपीस.

फरक पडला तो त्याच्या आईला. हौसाबाई म्हातारी एक दिवस त्या ब्राँझच्या बाईसमोर उभी राहिली, ती उभीच.

"गणू, ही तं आपली लोंबीआय हाय रं! बग ना, हातान ईला, काखंन पेंढी."

"आये, शोपीस हाय तो!"

"तुजा असंल शोपीस. माज्या शेतान टावर उभा ऱ्हायला, नव्या भाताची लोंबी मी कुनाला वाहू?"

म्हातारीने ऐकलं नाही. देवाला टेबलावर ठेवत नाहीत म्हणून चौघांकडून ती जड बैठक उचलवली, खाली पाट मांडला, पाटावर मूठभर तांदळाचं आसन पसरलं आणि बाईला त्यावर बसवली. हळदीकुंकू वाहिलं. आणि घड्याळ टिकटिकायला लागलं.

चाळीतून, टॉवरमधून बायका धावल्या. घाबरलेल्या गणूशेठने महेंद्रला फोन केला. महेंद्र आला, त्याने पाटाकडे पाहिलं, हॉलभर जमलेल्या बायकांकडे पाहिलं, आणि जे बोलायला हवं होतं ते तो बोलला नाही. त्याने साष्टांग नमस्कार घातला. पुढच्या रविवारी तो कफनी घालून आला.

सुमतीवहिनी पहिल्यांदा गेल्या त्या शेजारणीच्या आग्रहाने. बसल्या बसल्या माळ ओढत होत्या, आणि त्यांच्या एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. एका टोल्यापासून दुसऱ्या टोल्यापर्यंत त्यांच्या बरोबर पाच माळा होत. पाचव्या माळेचा मेरुमणी बोटाला लागे आणि आत घंटा वाजे. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. वहिनींच्या अंगावर काटा आला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आयुष्यभर नाम घेतलं, त्याची पावती आज मिळाली, असं त्यांना वाटलं. त्यांनी ते भाबडेपणाने महेंद्रनाथांना सांगितलं.

महेंद्रनाथ क्षणभर गडबडले. पण क्षणभरच.

"ऐका होऽ!" त्यांनी मांडव दणाणून सोडला. "या माउलीच्या जपाला देवी साद देते! पाच माळांना एक वचन! आजपासून माउलीची बैठक पहिल्या रांगेत!"

लोकांनी वाकून नमस्कार केला. वहिनी "अहो, नको, नको" म्हणाल्या, पण पाय मागे घेतले नाहीत.

*

गोदा त्यांच्या समोरच्या दारात राहायची. पोळीभाजीचे डबे करून तिने मुलीला, संचिताला, शिकवलं होतं. श्रावणात एके दुपारी ती पदर सावरत वहिनींकडे आली.

"सुमतीताई, छातीत गाठ लागतेय. दुखत नाही. डॉक्टर म्हणतात, तुकडा काढून तपासायला पाहिजे. संचिताने वेळसुद्धा घेतलीय."

"अगं बाई! कधीची वेळ?"

"सोमवारची. पण ताई, सुई लागली की असली गाठ पसरते म्हणतात. आमच्या गावची एक अशीच गेली. मला भीती वाटते हो."

वहिनींनी तिच्या हातावर हात ठेवला. "मग रविवारी चल माझ्याबरोबर. देवीला विचारू. तिचा होकार असेल तर भीती कसली?"

रविवारी गोदाने पाटापुढे उभं राहून विचारलं, "आई, गाठ तपासून घेऊ का?" वहिनी कडेला डोळे मिटून जप करत होत्या. पाचवी माळ संपली, मेरुमणी लागला आणि घंटा वाजली. एक. दोन. तीन. थांबेचना. चार, पाच, सहा. मांडवात कुजबूज सुरू झाली. अकरा टोल्यांनंतर आत शांत झालं.

"कडाडली! आई कडाडली!" महेंद्रनाथांनी छाती पिटून घेतली. "लोखंड लावू नको पोरी! अकरा रविवार उतारा करून घे, गाठ विरघळेल!"

गोदा पांढरीफटक पडली होती. घरी येताना रिक्षात तिने विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

"अकरा टोले म्हणजे साधं नव्हे गं. आई एवढं बजावते आहे, तर थांब थोडी."

इतकंच नाही. गोदाला धीर होईना, म्हणून दवाखान्यात फोन करून ठरलेली वेळ रद्द केली तीही सुमतीवहिनींनीच. तिकडच्या मुलीने विचारलं, "पुढची तारीख देऊ का?" वहिनी आपल्या मृदू आवाजात म्हणाल्या, "नको बाळ, आता गरज नाही."

श्रावण गेला, गणपती गेले, नवरात्र गेलं. गाठ विरघळली नाही. दिवाळीच्या फराळाला गोदा आली नाही, तेव्हा वहिनी ताट घेऊन तिच्याकडे गेल्या. दार संचिताने उघडलं.

"आई झोपलीय. हात वर होत नाही तिचा. काखेतसुद्धा गाठ आलीय."

"अगं, मग उतारा..."

"काकू, प्लीज." संचिताचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी तिला दहा वेळा समजावलं. डॉक्टरांनी समजावलं. ती काय म्हणते माहितीये? म्हणते, सुमतीताई खोटं सांगतील का? तुमचा तो महेंद्रनाथ बिथनाथ गेला खड्ड्यात. आई त्याचं ऐकत नाहीये. ती तुमचं ऐकतेय."

फराळाचं ताट तसंच घेऊन वहिनी परत आल्या. देवापुढे बसल्या. माळ हातात घेतली, पण ओठ हलेनात. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्या दिवसाचा जप राहिला.

आणि तरी त्या रविवारी, वहिनी गेल्या नसताना, माळ गोमुखीत तशीच पडलेली असताना, देवी बोललीच. शेजारीण येऊन कौतुकाने सांगत होती, कुणाला होकार मिळाला आणि कुणाला नकार. वहिनी ऐकत होत्या. माझ्या जपाला साद देते ना? मग आज कुणाला दिली? हा प्रश्न मनात आला आणि मग काही केल्या जाईना.

*

ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोमागे सुमतीवहिनींचे धाकटे दीर राहात. सलिलभाऊजी, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. कालघंटेश्वरीवरून त्यांनी उन्हाळ्यात एकदा थट्टा केली होती, तेव्हापासून वहिनींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. आता त्या त्यांच्याच दारात उभ्या होत्या.

"या वहिनी," भाऊजी म्हणाले. "देवीने पाठवलं का?"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊजींनी ते पाहिलं आणि पुढची थट्टा गिळली. पाण्याचा तांब्या आणून ठेवला. वहिनींनी सगळं सांगितलं; गोदाचं, फोनचं, माळांचं.

"तुमच्या पाच माळांना वेळ किती लागतो?"

"इश्श, जपाला कधी घड्याळ लावतात का भाऊजी?"

"आज लावा."

भिंतीवरच्या घड्याळाखाली वहिनी खुर्चीत बसल्या. बाहेर डेपोत एसट्यांचे हॉर्न, आतमध्ये माळेचे मणी. चाळीस वर्षांचा जप, त्याची चाल आता श्वासासारखी ठरून गेलेली. पाचव्या माळेचा मेरुमणी लागला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. मोठा काटा अर्धं वर्तुळ फिरून आला होता.

"अर्धा तास," त्या पुटपुटल्या.

"हं. आता टोले आठवा. गोदाच्या दिवशीचे, ओळीने."

"गोदाच्या आधी एकाला होकार आला, म्हणजे एक. त्याच्या आधी त्या रिक्षावाल्याला नकार, दहा. गोदाला अकरा. मग पुन्हा एक. मग ती सूनबाई रडत गेली, तिला बारा. मग प्रसादाची घटका. एक... एक... एक..."

बोलता बोलता त्या थांबल्या. माहेरी, राजापूरकडे, पडवीत वडिलांचं टोल्यांचं घड्याळ होतं. तापाने जाग असली की लहानगी सुमती अंथरुणात पडून टोले मोजायची. बारा वाजत. मग साडेबाराचा एक, एकाचा एक, दीडचा एक. ओळीने तीन एकेक, आणि त्या तिन्हींतला कोणता कोणता ते अंधारात कधीच कळायचं नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना, "अकरा टोले पडले, कारण त्याच्यात अकरा वाजले होते."

भाऊजींनी मान हलवली. 

"पण बाहेर तर साडेतीन वाजायला आले होते."

"काटे मुद्दाम भलतीकडे लावून ठेवले असतील. लोकांच्या ध्यानात येऊ नये म्हणून तर मनगटावरची घड्याळं काढून घेतात. अर्ध्या तासाला एकच टोला, म्हणजे होकार. पुऱ्या तासाला वाजले तितके, म्हणजे नकार. कुणाला कधी पुढे बोलवायचं, एवढंच काय ते त्याच्या हातात. आणि तेवढं पुरतं."

"म्हणजे गोदाला त्याने मुद्दाम..."

"होकार दिला असता तर गोदा दवाखान्यात गेली असती, वहिनी. नकार दिला म्हणून दर रविवारी येत राहिली."

वहिनींनी पदर तोंडावर घेतला. त्यांना महेंद्रनाथ दिसत नव्हता. त्यांना आपलाच आवाज ऐकू येत होता. नको बाळ, आता गरज नाही.

*

पुढच्या रविवारी मांडव खच्चून भरला होता. वहिनींनी गोदाला हात धरून आणलं होतं. शेवटचं एकदा चल, एवढंच म्हणाल्या होत्या. संचिता आईला धरून खांबाशी बसली. सलिलभाऊजी मागे उभे राहिले.

"आली, माउली आली!" महेंद्रनाथ खूष झाले. "घ्या माउली, माळ घ्या!"

सुमतीवहिनी उठून उभ्या राहिल्या. गोमुखी त्यांनी पाटापुढे ठेवून दिली.

"आज मी माळ ओढणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हताच कधी, पण टाळ थांबले होते. "तरी घंटा वाजेल. महाराज आत्ताच विडा देऊन आलेत, म्हणजे वेळ झालीय. मघाशी रांगेत असताना मी मागचे टोले मोजले, नऊ पडले. आता एक पडेल."

महेंद्रनाथांनी तोंड उघडायच्या आत घंटा वाजली. एक.

 मग एक बाई किंचाळली, "माउलीला सिद्धी मिळाली!" आणि दोनतीनजणी वहिनींच्या पायांवर कोसळल्या. महेंद्रनाथांच्या चेहऱ्यावर गेलेलं रक्त परत आलं.

"सांगितलं नव्हतं मी? देवी आणि माउली एकरूप झाल्या! बोला, कालघंटेश्वरी माउली की..."

"उठा!" वहिनी जवळजवळ रडत म्हणाल्या. "उठा गं बायांनो, माझे पाय सोडा! मला काही सिद्धी नाही. मला नुसतं मोजता येतं. तुम्हालाही येतं. याच्या पुढे दहा पडतील, मग एक, मग अकरा. त्या खणाखाली काटे आहेत. काढा तो खण!"

"खबरदार!" महेंद्रनाथ आडवे झाले. "हात लावेल तो भस्म होईल!"

कुणी पुढे येईना. तेव्हा बंगल्याच्या ओट्यावरून हौसाबाई काठी टेकत खाली उतरली.

"सर बाजूला. तू यायच्या आदी रोज सकाली मीच तिची धूल पुसायची. तवा कदी भसम नाय झाली मी?"

"आजी, देवीचा कोप होईल!"

"माज्यावर? माज्या घरान बसून?" म्हातारीने खणाची गाठ सोडली.

खाली पांढरी तबकडी होती, तिच्यावर रोमन आकडे आणि दोन नाजूक काळे काटे. साडेनऊ वाजले होते. कुणीतरी धावत जाऊन टेबलावरचा मोबाईल आणला. दोन वाजत आले होते.

"अरे, काटे तर खाडीत गेले होते ना?" गणूशेठचा आवाज चढला.

"भरतीबरोबर परत आले असतील," मागून कुणीतरी म्हणालं, आणि पहिल्यांदाच मांडवात हसू फुटलं.

सलिलभाऊजी पुढे आले. "महाराज, ती मोक्षाची किल्ली जरा द्या." गणूशेठच्या पोरांनी ती महाराजांच्या गळ्यातून उतरवून दिलीच. भाऊजींनी ती तबकडीवरच्या भोकात घातली. कर्र, कर्र, कर्र. अगदी चपखल बसली.

"मंडळी, हे घड्याळ आहे. फार सुंदर घड्याळ आहे. तिकडचे श्रीमंत लोक दिवाणखान्यात भिंतीतल्या शेकोटीवरच्या फळीवर मांडायचे, दोन्ही बाजूंना शोभेला कलश. टेबल तिरकं होतं म्हणून लंबक अडला होता. आजींनी पाटावर नीट बसवलं, उचलताना धक्का लागला, लंबक सुटला. चमत्कार एवढाच. टोले कसे पडतात ते गणूशेठ, तुम्हीच दाखवा. मोठा काटा हळूहळू पुढे न्या. टोले संपले की मगच पुढे."

गणूशेठने जाडजूड बोटाने काटा पुढे ढकलला. काटा बारावर आला आणि घंटा वाजू लागली. दहा. सहावर आणला, एक. लोक आता मोठ्याने मोजत होते, जत्रेसारखे. त्याने काटा पुन्हा बारावर आणला.

या वेळी खांबाजवळून एकच आवाज मोजत होता. बाकीचे हळूहळू गप्प झाले. "आठ," गोदा म्हणाली. "नऊ. दहा." आणि मग, घंटेच्या बरोबरीने, "अकरा."

तिने महेंद्रनाथाकडे पाहिलंच नाही. ती सुमतीवहिनींकडे पाहात होती.

महेंद्रनाथ मागच्या दाराने सटकायच्या बेतात होता. गणूशेठने त्याला कफनीसकट धरला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली, तो आत गेला. त्याचं पुढे व्हायचं ते होईल. मांडव उठला. हौसाबाई मात्र त्या ब्राँझच्या बाईपाशी बसून राहिली होती.

"म्हंजे मास्तर, ही माजी आय नाय?"

"आजी, ती तिकडच्या जुन्या लोकांची धान्याची देवी," भाऊजी म्हणाले. "त्यांच्याही शेतकऱ्यांनी तिला लोंब्या वाहिल्या असतील."

म्हातारीने विचार केला. "मंग मी लोंबी वाहीन. पन तिला ईचारनार नाय काय. बिचारीला काय ठावं?"

*

ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले. "आधी केमो, मग ऑपरेशन. श्रावणात आला असतात तर गाठ लहान होती, सोपं होतं. आता लांबचा रस्ता आहे. हातातून गेलंय असं मी म्हणणार नाही. पण उशीर झालाय."

बाहेर बाकावर वहिनी गोदाशेजारी बसल्या. "गोदा, मला..."

"ताई, तुम्ही मला फसवलं नाहीत, माहितीये मला," गोदा समोर बघत म्हणाली. "पण मी त्या देवीवर विश्वास ठेवला नव्हता. तुमच्यावर ठेवला होता."

 वहिनी तो घास अजून गिळताहेत.

त्यांनी पूजा सोडली नाही, जप सोडला नाही. फक्त पूजा झाली, की रोज एका घरी जातात. ज्यांना ज्यांना त्यांनी मांडवात नेलं होतं त्यांच्या घरी. कुणी चहा देतं, कुणी दार लावून घेतं. एकीने तोंडावर म्हटलं, "तेव्हा तुम्हीच सांगितलंत, आता तुम्हीच." वहिनी "हो, मीच सांगितलं, आणि ते चूक होतं," एवढं म्हणतात आणि मग जे सांगायचं ते सांगतात. देवापुढे बसावं, मन हलकं करावं. पण गाठीचं डॉक्टरला विचारावं. आणि कुणी "देव म्हणाला" असं सांगितलं, मग तो कितीही सात्त्विक माणूस असो, अगदी माझ्यासारखी व्रतं करणारी बाई असो, तरी झाकलेला खण आधी उघडून बघावा. जो उघडू देत नाही त्याच्या घरातून उठावं. एवढ्याने देव रागावत नाही. रागावतो तो दुकानदार.

केमोच्या दिवशी गोदाच्या उशाशी त्याच असतात. संचिताने हे त्यांना करू दिलं आहे. त्याला क्षमा म्हणायचं की नाही, हे वहिनींनी विचारलेलं नाही. परवा सलाईन चालू असताना गोदाने ग्लानीतच डोळे किलकिले केले.

"ताई, किती वाजले?"

वहिनींनी मान वर करून भिंतीवरच्या साध्या घड्याळाकडे पाहिलं. 

"अकरा, गोदा," त्या म्हणाल्या. "फक्त अकरा वाजलेत."